कपाटावरची लुकलुक

वाचकहो, दिवाळीची झाडलोट म्हणजे घराची वार्षिक तपासणी. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, दोन वर्षांपूर्वी हरवलेली पक्कड सापडते, आणि मग कोणीतरी स्टुलावर चढून दिवाणखान्यातल्या कपाटाच्या डोक्यावरून ओले फडके फिरवू लागते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी येते, "अहो, त्या पेट्यांना हात लावू नका! नेट जाईल!" फडके जागच्या जागी थबकते आणि त्या पेट्यांभोवतीची धूळ पुढच्या दिवाळीपर्यंत निर्धास्त होते.

अशी एक हात न लावण्याची वस्तू आपल्या घरांत पूर्वीपासून असे. रेडिओ आला तेव्हा त्याचा कान पिळण्याचा अधिकार फक्त वडिलांना होता. टेलिफोन आला तेव्हा त्याच्या तबकडीला चिमुकले कुलूप लागले. पण रेडिओचा कोणता कान आवाजाचा आणि कोणता स्टेशनचा, हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असे. दिवे गेले तर मेणबत्तीच्या उजेडात फ्यूजची तार बांधणाऱ्या गृहिणी मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या काही वीजशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. कोणती वस्तू काय काम करते एवढेच त्यांना माहीत होते, आणि तेवढे पुरत असे.

कपाटावरच्या या पेट्यांचे तसे नाही. आज मुलांचा अभ्यास, सुनेची नोकरी, बँकेचे व्यवहार, औषधांची मागणी, साता समुद्रांपलीकडच्या नातवाचे बोबडे बोल, हे सारे दोन-तीन पेट्यांतून घरात येते. पण त्यांची नावे विचारा. उत्तर एकच: "तो वायफाय." दोन पेट्या असोत की चार, सगळ्यांचे नाव वायफाय! त्यांची थोडीफार जाण असते ती घरातल्या एकट्या मुलाला किंवा मुलीला. आणि नेमके तेच अपत्य शिकून सवरून बंगळुरला नाहीतर परदेशी निघून जाते. मागे उरतात दोन वयस्क माणसे आणि लुकलुकणाऱ्या पेट्या. त्या लुकलुकीचा अर्थ त्यांना कोणीच सांगितलेला नसतो. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात या पानावर कंदील आणि पणत्या बाजूला ठेवून मी कपाटावरच्या दिव्यांविषयी लिहिणार आहे.

आधी एक घोळ निस्तरू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. उपमाच द्यायची तर नळाच्या पाण्याची देतो, कारण पाणी गेले म्हणजे काय होते हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. नगरपालिकेचे पाणी रस्त्याखालच्या नळातून इमारतीत येते, आणि मग घरातल्या घरात ते न्हाणीघरात, मोरीत, स्वयंपाकघरात खेळवले जाते. इंटरनेट हे बाहेरून येणारे पाणी. वायफाय ही घरातली नळजोडणी. बाहेरचे पाणी बंद झाले म्हणून घरातले नळ मोडत नाहीत. ते तसेच चकाकत उभे असतात. मोबाईलवर वायफायच्या साऱ्या कमानी भरलेल्या दिसतात, तरी चित्र काही हलत नाही, याचे कारण हेच. त्या कमानी एवढेच सांगतात की तुमचा मोबाईल आणि कपाटावरची पेटी यांचे बोलणे ठीक चालले आहे. पेटीचे बाहेरच्या जगाशी बोलणे चालले आहे की नाही, याविषयी त्या काहीही सांगत नाहीत.

आता बाहेरून आत येऊ. पहिली पेटी वेशीवरची. पूर्वी हे काम मोडेमकडे असे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या वतीने. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून फक्त आवाज जात असे, आणि संगणकाला तर शून्य आणि एक यांपलीकडे काही बोलता येत नाही. तेव्हा शून्य-एकचे आवाजात रूपांतर करायचे आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करायचे, ही दुभाषाची कामगिरी मोडेम करी. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांच्या कानांत त्याची ती चिरकी शीळ अजून असेल. ती शीळ म्हणजे दोन टोकांचे दोन दुभाषे, "काय हो, किती वेगाने बोलू या?" असे एकमेकांना विचारीत. घरच्या टेलिफोनवरच्या मोडेमची मजल अखेरपर्यंत सेकंदाला ५६ हजार बिटांच्या पुढे गेली नाही. आजची शंभर मेगाबिटची साधी जोडणी सेकंदाला दहा कोटी बिट आणते.

हा फरक पडला तो काचेच्या धाग्यामुळे. मूळच्या पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये आपले प्राध्यापक हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवले, ते १९५४ साली प्रसिद्ध झाले. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशातून संदेश दूरवर नेता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरात येणारा तो धागा १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा अवघा आठवा हिस्सा. आणि त्यातही प्रकाश ज्यातून वाहतो तो गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास.

या धाग्यातून प्रकाश येतो, पण संगणकाला प्रकाश कळत नाही, वीज कळते. म्हणून वेशीवर पुन्हा एक दुभाषा बसवला आहे. त्याला ओएनटी म्हणतात. काही मंडळी ओएनयूही म्हणतात. प्रकाशाची वीज आणि विजेचा प्रकाश, एवढेच त्याचे मूळ काम. जुन्या सवयीने त्याला मोडेम म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि दुभाषेपणाच्या नात्याने ते फारसे चुकीचेही नाही. गंमत अशी, की तुमच्या घरचा धागा कंपनीच्या कचेरीपर्यंत एकटा जात नाही. वाटेत खांबावर किंवा जिन्यातल्या डबीत एक भिंगुळवाणा तुकडा असतो, स्प्लिटर नावाचा. त्याला वीजसुद्धा लागत नाही. तो एकाच धाग्यातला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतो. कचेरीतून आलेले सगळ्यांचे टपाल सगळ्यांच्या दारी पोचते, पण ते बंद लिफाफ्यात असते, आणि प्रत्येक ओएनटी फक्त आपल्या नावाचा लिफाफा उचलतो.

या पेटीवर दोन दिव्यांकडे लक्ष द्या. एकाखाली पीओएन अशी इंग्रजी अक्षरे असतात; तो स्थिर हिरवा असला की पलीकडच्या कचेरीशी बोलणे चालू आहे. दुसऱ्याखाली एलओएस असते. हा दिवा विझलेला असणे हीच शुभवार्ता. तो लाल झाला, लुकलुकू लागला, की बाहेरून प्रकाश येत नाही. धागा कुठेतरी तुटला, उंदराने कुरतडला, रस्ता खणणाऱ्यांच्या कुदळीखाली गेला, किंवा तुमच्याच घरी कपाट भिंतीला टेकवताना काटकोनात मुडपला. काचेच्या धाग्याला नाजूक वळण चालते, मोड चालत नाही. मोडीवर प्रकाश बाहेर गळून जातो. आणखी एक. हा धागा उपसून त्याच्या टोकात डोळा घालून पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसणारा नाही, पण तो लेझरचा आहे. मुलांना तर मुळीच पाहू देऊ नका.

दुसरी पेटी राऊटर. पुष्कळ घरांत ओएनटी आणि राऊटर एकाच डब्यात असतात. डबा एक असला तरी कामे दोन आहेत हे ध्यानात ठेवावे. राऊटर म्हणजे टपाल वाटेला लावणारा. त्याचा पूर्वज अमेरिकेत १९६९ साली कामाला लागला. आयएमपी नावाचे ते यंत्र घरच्या फ्रिजएवढे होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेला पहिला शब्द धाडायचा होता 'लॉगिन'. त्यातली एल आणि ओ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. या विद्येचा श्रीगणेशाच मुळी "नेट गेले!" असा झाला, हे आपल्या मनाला केवढे समाधान देणारे आहे!

घरच्या राऊटरचे काम मला जुन्या वाड्याच्या दिवाणजीसारखे वाटते. वाड्याला बाहेर पत्ता एकच. आत बिऱ्हाडे दहा. बाहेरच्या जगात इंटरनेटचे पत्ते मोजके आहेत. जुन्या पद्धतीचे सारे मिळून ४२९ कोटी; आणि आशियाच्या वाट्याचे मोकळे पत्ते २०११ सालीच संपत आले. म्हणून १९९४ साली एक युक्ती लेखी मांडली गेली, तीच आज घरोघर चालते. राऊटर आतल्या प्रत्येक मोबाईलला, संगणकाला, दूरदर्शन संचाला घरापुरता एक क्रमांक देतो. हे क्रमांक बहुतेक वेळा १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होतात आणि वाड्याबाहेर त्यांना कोणी विचारीत नाही. नातीने चित्रपट मागितला, आजोबांनी पंचांग मागितले, की राऊटर दोन्ही मागण्यांवर वाड्याचा एकच पत्ता घालतो, कोणी काय मागवले याची वहीत नोंद ठेवतो, आणि उत्तर आले की ज्याचे त्याला देतो. नोंद नसताना एखादा आगंतुक दारात उभा राहिला, तर "इथे असे कोणी राहत नाही" म्हणून त्याला परतवूनही लावतो.

कधी कधी हा दिवाणजी दमतो. महिनोन् महिने अखंड चालून त्याच्या कामाचा कुठेतरी गुंता होतो आणि तो नुसता बसून राहतो. "बंद करून चालू करा" हा जो सार्वत्रिक सल्ला आहे, त्यात तथ्य आहे ते एवढेच: वीज काढली की वही कोरी होते आणि दिवाणजी नव्याने कामाला बसतो. वीज काढून सावकाश तीस आकडे मोजावेत, आधी ओएनटी लावावा, मग राऊटर, आणि दोन-तीन मिनिटे धीर धरावा. मात्र पाठीमागे टाचणीने दाबण्याचे एक बारीक भोक असते, त्याच्या वाटेस जाऊ नये. त्याने वहीच नव्हे, दिवाणजीची सारी शिकवणूकच पुसली जाते आणि तो कारखान्यातून आला तेव्हा होता तसा कोरा होतो. काही पेट्यांत तर त्यानंतर कंपनीच्या माणसाला बोलावल्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरी पेटी स्विच. ही प्रत्येक घरात नसते. पण दोन खोल्यांत संगणक, एक दूरदर्शन संच आणि जिन्यात कॅमेरा असला की लागते. रांगेने पाच किंवा आठ भोके आणि त्यांत वायरी, असे तिचे रूप. हिच्या आधी हब नावाची पेटी असे. हब म्हणजे चाळीच्या चौकात उभे राहून "पत्र आले हो!" म्हणून ओरडणारा पोस्टमन, सगळी बिऱ्हाडे गॅलरीत येणार, ज्याचे त्याने पत्र घ्यायचे, आणि दोघे एकदम बोलले की कोणालाच काही ऐकू यायचे नाही. स्विच मात्र कोण कुठे राहते हे ध्यानात ठेवतो. प्रत्येक यंत्राला जन्मजात एक बारा खुणांचा क्रमांक असतो. कोणत्या भोकातून कोणाचे टपाल येते हे पाहून स्विच तो आपल्या यादीत टिपतो आणि मग ज्याचे टपाल त्याच्याच दारात टाकतो.

या यंत्राच्या कुळात आपल्याकडचे एक नाव आहे. तारेवरून संगणक जोडण्याची ईथरनेट ही पद्धत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ च्या सुमारास झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बसवली. पुढे अनेक भोकांचा पहिला ईथरनेट स्विच बाजारात आला तो १९९० च्या आसपास. त्याला सात भोके होती, आणि तो आणणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे नाव होते 'कल्पना'! विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या गृहस्थांनी लॅरी ब्लेअर यांच्या साथीने ती कंपनी काढली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. १९९४ साली सिस्को या बड्या कंपनीने ती विकत घेतली. जगभरच्या कचेऱ्यांतून आज जे लक्षावधी स्विच मुकाट्याने टपाल वाटीत आहेत, त्यांच्या मुळाशी अशा एका स्त्रीचे नाव आहे, हे दिवाळीच्या दिवसांत सांगायला मला आवडते.

स्विचला एकच पथ्य. एका वायरीची दोन्ही टोके त्याच स्विचात खोचू नका. एका गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत साफसफाई करणाऱ्याने एक टोक लोंबते दिसले म्हणून भल्या भावनेने ते मोकळ्या भोकात खोचले, आणि सगळ्या इमारतीचे कॅमेरे बंद पडले. सगळ्यांना उद्देशून धाडलेला एक निरोप त्या वळशात गरगर फिरू लागतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि रस्ता तुंबतो. यावर रेडिया पर्लमन या विदुषींनी १९८५ साली तोड काढली. मोठे स्विच तिच्या आधाराने असा वळसा ओळखून आपण होऊन तोडतात. घरगुती स्वस्त पेटीत मात्र हे शहाणपण बहुधा नसते.

ज्या वायरीने ही पेट्यांची वस्ती जोडलेली असते, तिचेही थोडे सांगतो. आत आठ बारीक तारा असतात, दोन दोन मिळून चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरून येणारी विजेची खरखर दोन्ही तारांवर सारखीच बसते, आणि दोहोंतला फरक तेवढा वाचला की ती आपोआप वजा होते. ही युक्ती टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याची, १८८१ सालची. अशी वायर शंभर मीटरपर्यंत बिनघोर काम देते. तिच्यातली एखादी जोडी तुटली तर कित्येकदा नेट बंद पडत नाही, पण हजार मेगाबिटांचा वेग शंभरावर येतो. आणि आपण मात्र नवा महागडा प्लॅन घेतो! आधी पन्नास-शंभर रुपयांची वायर बदलून पाहावी.

चौथे काम रेडिओचे. वायफाय ज्याला म्हणायचे ते हे. घरात बहुधा राऊटरच्याच अंगी ते असते. वेगळ्या पेटीत असले तर तिला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. इथे आपल्या जुन्या रेडिओचे नाते जुळते, कारण वायफाय ह्या रेडिओलहरीच. त्या मुख्यत्वे दोन पट्ट्यांवर येतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी मंद, पण भिंती ओलांडणारी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत आली की हाय खाणारी. पहिल्या पट्टीवर गर्दीही फार. शेजाऱ्यांची वायफाये, बिनतारी खेळणी, एवढेच काय, स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा त्याच पट्टीवर गुणगुणते. म्हणून राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा असावा. लोखंडी कपाटात, दूरदर्शन संचाच्या पाठीमागे, माशांच्या काचपेटीशेजारी त्याला बसवणे म्हणजे कीर्तनकाराला गोधडीत गुंडाळून कीर्तनाला उभे करणे होय. लांबच्या खोलीसाठी रिपीटर म्हणून एक वस्तू मिळते. ती ऐकलेले पुन्हा बोलून दाखवते. पण एकाच रेडिओवर ऐकायचे आणि बोलायचे म्हटल्यावर निम्मा वेळ त्यातच जातो आणि वेगही निम्म्यावर येतो. शक्य असेल तिथे तिकडच्या खोलीपर्यंत वायर नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा, हे उत्तम.

हे सारे जाणून करायचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी आमच्या मजल्यावरच्या काकूंची हकीगत सांगतो. वय शहात्तर, घरात एकट्या, लेक टोरांटोला. रोज संध्याकाळी साडेसहाला लेकीचा चेहरा पडद्यावर दिसला की काकूंचा दिवस पुरा होतो. गेल्या पावसाळ्यात नेट गेले. एकाने सांगितले, पैसे भरले नसतील. दुसऱ्याने सांगितले, मोबाईल जुना झाला. तिसरा, बाजारातला एक दुरुस्तीवाला, घरी आला आणि राऊटर जळाला असे सांगून साडेतीन हजारांचा नवा राऊटर बसवून गेला. नेट तरीही येईना. चार दिवस साडेसहा वाजत आणि काकू काळ्या पडद्यासमोर बसून उठून जात. पाचव्या दिवशी मी सहज गेलो तेव्हा पाहिले, धाग्याच्या पेटीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता. धागा गच्चीवर तुटला होता. राऊटरचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

त्या दिवशी मी काकूंना पेट्यांची नावे सांगितली. त्यांनी ती कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या वळणदार अक्षरात लिहून घेतली आणि चार दिव्यांपुढे चार रंग लिहिले. दोन महिन्यांनी पुन्हा धागा तुटला तेव्हा त्यांनी कंपनीला स्वतः फोन केला. पलीकडचा पोरगा नेहमीच्या सुरात म्हणाला, "आजी, राऊटर बंद करून चालू करा." त्यावर काकू म्हणाल्या, "बाळा, राऊटर ठीक आहे. एलओएस लाल आहे, तुमचा धागा तुटलाय. माणूस पाठव." माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

वाचकहो, साडेतीन हजार रुपये गेले हे दुःख मोठेच. पण त्याहून मोठे हे, की आपल्याच घरातल्या वस्तूविषयी आपल्याला कोणीही काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी. अज्ञानाचा तोटा नुसता खिशालाही होत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या एका कुटिल प्रोग्रामने जगभरची घरगुती यंत्रे, कॅमेरे आणि राऊटर लक्षावधींनी ताब्यात घेतले. त्याची विद्या फार खोल नव्हती. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक लावून पाही, आणि ज्या घरात कोणी तो बदललाच नव्हता ते घर उघडे सापडे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी ठिकाणे तासन् तास बंद पडली. पुढच्याच महिन्यात त्याच्याच एका भाऊबंदाने राऊटर काबीज करू पाहिले, तेव्हा जर्मनीत सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राऊटर कोलमडले. हे ज्यांच्या पेट्यांकडून घडले ते लोक तुमच्याआमच्यासारखेच, आपापल्या दिवाणखान्यात निवांत बसलेले होते.

म्हणून दोन किल्ल्या ओळखून ठेवा. एक वायफायचा पासवर्ड. ती वाड्याच्या दिंडीची किल्ली, पाहुण्यांना आपण देतो ती. दुसरा राऊटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड. ती दिवाणजीच्या वहीची किल्ली. पहिली बदलून आपण बेफिकीर होतो, आणि दुसरी वर्षानुवर्षे कारखान्यातून आली तशीच राहते. ती बदलून घ्यावी, वहीत लिहून ठेवावी आणि कोणालाही, कंपनीचा माणूस म्हणून फोन करणाऱ्यालासुद्धा, फोनवर सांगू नये.

या दिवाळीत मुले-मुली घरी येतील. फराळाची ताटे उचलली गेली की एकाला हाताशी धरा आणि अर्ध्या तासात एवढे करून घ्या. प्रत्येक पेटीवर मराठीत नावाची चिठ्ठी: ही धाग्याची पेटी, हा राऊटर, हा स्विच. कोणता प्लग कोणाचा, तेही लिहा. सारे सुरळीत असताना कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात त्याचा एक फोटो घ्या, म्हणजे बिघाड झाल्यावर ताडून पाहता येईल. कंपनीचा तक्रारीचा क्रमांक आणि आपला ग्राहक क्रमांक कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वीज जाण्याचा त्रास असेल तर या पेट्यांसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. मात्र तो धाग्याची पेटी आणि राऊटर दोघांनाही पुरवावा, एकाला वीज देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही.

आणि नेट गेले तर क्रम पाठ असू द्या. आधी पाहा, पेट्यांना वीज आहे का. मग पाहा, एलओएस लाल आहे का. असेल तर घरात काही खटपट न करता थेट कंपनीला फोन. नसेल तर दोन्ही पेट्या क्रमाने बंद करून चालू. तरीही अडले तर मोबाईल राऊटरच्या शेजारी नेऊन पाहा. तिथे चालत असेल तर दोष भिंतींचा आहे, आणि त्यासाठी कोणाला पैसे मोजायला नकोत. हा क्रम घरातल्या मुलालाच नव्हे, आजीलाही शिकवा. मुलगा परत गेल्यावर पेट्यांशी बोलायचे काम तिच्याकडेच येणार आहे.